जुनी पद्मिनी उभी करायचीये? आधी पत्रा बघा, रंगाचं शेवटी बघू

जुनी पद्मिनी दारात येऊन उभी राहिली की घरात पहिली चर्चा कसली, तर रंग कुठला मारायचा. मेव्हणा म्हणतो क्रीम, पोरगी म्हणते आकाशी, आणि तोवर कोणीतरी पेंटरला फोनपण लावलेला असतो. जरा थांबा. रंग हे सगळ्यात शेवटचं काम आहे, आणि ज्या इंजिनला सगळे घाबरतात ते या गाडीतलं त्यातल्या त्यात सोपं काम आहे. खरा पैसा, खरा वेळ आणि खरी डोकेदुखी पत्र्यात असते. हे एकदा डोक्यात बसलं की गाडी कुठली घ्यायची, किती मोजायचे, कुठून सुरू करायचं हे सगळं आपोआप बदलतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

पद्मिनीच का, तर आपल्याकडे ती सगळ्यात सोयीची पडते. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातली, १९६४ ला फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, सत्तरच्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी असं नाव बदललं, आणि २००० च्या आसपास बंद होईपर्यंत मूळ सांगाडा तोच राहिला. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, एक कार्ब्युरेटर, स्टेअरिंगला गिअर, सेन्सर नावाला नाही. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण तिच्यावर आयुष्य काढलेले मिस्त्री अजून आहेत आणि पार्टसुद्धा फिरतायत. पद्मिनीच्या आधीची, पन्नासच्या दशकातली गोल नाकाची डुक्कर फियाट दिसायला कितीही गोड असली तरी पहिल्या प्रोजेक्टला घेऊ नका, तिची काच, लाइट, बीडिंग शोधण्यात जीव जातो. नव्वदच्या दशकातली डिझेलवाली १३७डी पण नको, तिच्या इंजिनाचे पार्ट मिळवणं हा वेगळाच छंद होऊन बसतो.

गाडी बघायला जाताना एक छोटं लोहचुंबक, टॉर्च, जुना स्क्रू ड्रायव्हर आणि खाली झोपायला जुनी चादर न्या. आणि शक्यतो सकाळी जा, संध्याकाळच्या उजेडात सगळ्याच गाड्या छान दिसतात. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं, जिथे पकड ढिली पडते तिथे खाली लांबी (पत्र्यातले खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे असं समजा. थोडीफार लांबी सगळ्याच जुन्या गाड्यांत असते, तिचं काही नाही, पण चाकाच्या कमानीवर आणि दाराच्या खालच्या हातभर भागात चुंबक चिकटतच नसेल तर आत पत्रा उरलेला नाही. मग मॅट उचला, पुढच्या पायाखालचा फ्लोअर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, आवाज खणखणीत आला तर ठीक, भद्द आला तर गेला. बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे, या तिन्ही जागी पाणी साठतं. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की दार आतून सडतं आणि बाहेरून वर्षभर कळत पण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची टेस्ट. पद्मिनीला ट्रक किंवा जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. म्हणजे दाराखाली जो लांब डबा जातो, ज्याला आपण सिल म्हणतो, तो गाडीचं वजन पेलतो. मालकाला विचारून गाडीला जॅक लावायच्या जागेवर जॅक लावा, एका बाजूची चाकं जमिनीवरून जरा सुटेपर्यंत उचला आणि त्या बाजूचं पुढचं दार हळूच उघडून बंद करून बघा. आधी नीट बसणारं दार आता अडकायला लागलं किंवा फट एकीकडे मोठी झाली तर सिल गेलाय. जॅकच पत्र्यात घुसायला लागला तर लगेच खाली घ्या, नमस्कार करा आणि निघा. अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग आहे.

कोकणातल्या आणि मुंबईत किनाऱ्याजवळ उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांचा पत्रा खारट हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने खाल्लेला असतो. त्यापेक्षा सोलापूर, नगर, विदर्भ या कोरड्या भागातली, इंजिन जाम झालेली, काचा फुटलेली, उन्हाने रंग उडालेली गाडी कितीतरी बरी. चालू इंजिनाची सडकी गाडी आणि बंद इंजिनाची ठणठणीत पत्र्याची गाडी यात दुसरी घ्यायची, डोळे झाकून.

कागदांचं पण आत्ताच बघून घ्या. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, फोटोवर जाऊ नका. १९८९ च्या आधीच्या गाड्यांना एमएमए, एमआरएच असले जुने तीन अक्षरी नंबर असतात आणि त्यांचं रेकॉर्ड बऱ्याचदा ऑनलाइन वाहन सिस्टिममध्ये चढलेलंच नसतं, मग आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री (जुन्या रेकॉर्डची ऑनलाइन नोंद) करून घ्यावी लागते, त्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकत नाही. मालक वारलेले असतील तर वारसांची कागदपत्रं आधी, पैसे नंतर. आरसीवर बँकेचा बोजा तीस वर्षांपासून तसाच पडलेला असतो आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, हे पण सर्रास दिसतं. सीएनजी किट लावलेलं असेल तर ते आरसीवर चढलंय का आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालीये का ते विचारा. "कागद नंतर करून देतो" म्हणणाऱ्याला सांगायचं, मग गाडी पण नंतरच घेतो.

गाडी घरी आली. आता सगळ्यात मोठा मोह, पान्हे काढून पूर्ण गाडी एका रविवारी उघडून टाकायची. हे करू नका. जेवढे प्रोजेक्ट अर्ध्यात मेलेले बघितलेत ते सगळे असेच मेलेत, गाडी सुटी होऊन गोण्यांत भरली गेली आणि मग मालकाला आठवेना की कुठला बोल्ट कुठला. एका वेळी एकच भाग उघडायचा, तो पूर्ण करायचा, परत बसवायचा, मग पुढचा. खोलण्याआधी चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो, प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. जाम बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा, सकाळी निम्मे गपचूप सुटतात. आणि गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लावूनच, विटा-दगड पण नाहीत. याला अपवाद नाही.

पत्र्याच्या कामात सिल कसा बदलायचा ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच डेंटर लोक शॉर्टकट मारतात. शॉर्टकट म्हणजे सडक्या सिलवर वरून नवा पत्रा झाकून लांबी फिरवून द्यायची, दोन पावसाळ्यांत आतला गंज बाहेर येतो. नीट पद्धत अशी, की गाडी सपाट जमिनीवर चार स्टँडवर लेव्हलमध्ये घ्या. दार काढा आणि दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचा तुकडा तिरका, शक्य असेल तर दोन, टाका (वेल्डिंगचा छोटा ठिपका) मारून बसवा, नाहीतर सिल कापला की गाडी मधून बसते आणि मग दार आयुष्यात लागत नाही. कापायच्या आधी चौकटीची मापं घेऊन भिंतीवर लिहून ठेवा. मग एका वेळी एकच बाजू, आणि त्यातही जेवढा सडलाय तेवढाच भाग, चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. नवा तुकडा १८ गेजच्या सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून वाकवून घ्या, फॅब्रिकेशनवाल्याकडे प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) हे काम पटकन होतं, जुन्या सिलचा पुठ्ठ्याचा साचा करून न्या म्हणजे झालं. आधी नुसते टाके मारायचे, दार परत लटकवून बघायचं, फट वरखाली सारखी आहे ना, मगच पूर्ण वेल्डिंग. ते पण एका दमात नाही, इकडे दोन इंच, तिकडे दोन इंच, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा तापून वाकडा होतो. मिग वेल्डिंग असेल तर उत्तम, गॅसने उष्णता फार पसरते. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी काढलेली हवी, पेट्रोलची टाकी खाली उतरवून लांब ठेवलेली हवी आणि हाताशी पाण्याची बादली न ठेवता फायर एक्स्टिंग्विशर ठेवा. शेवटी सिलच्या आत मेण किंवा अंडरकोटिंग पोचेल असं बघा, बाहेरून कितीही रंग मारला तरी गंज आतूनच येतो. डेंटरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं की मला लांबीच्या आधी पत्रा बघायचाय. त्याला राग येईल, येऊ द्या.

पत्रा झाला की ब्रेक. इंजिन नाही, ब्रेक. कारण इंजिन चालू झालं की कोणाला धीर धरवत नाही, गाडी सोसायटीत एक चक्कर मारायला निघतेच. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम आहेत आणि हायड्रॉलिक लाइन एकच, म्हणजे एक पाइप फुटला की चारी ब्रेक गेले. म्हणून यात कंजुसी नको, चारी व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, तिन्ही रबरी होज नवे टाका, लोखंडी पाइप गंजलेले असतील तर तेही. नुसती रबर किट टाकून जुना खड्डे पडलेला सिलिंडर वापरला तर महिन्यात गळायला लागतो. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ हवा मारून उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेक ऑइल नवीन, सीलबंद डब्यातलं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायचं, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी उजवं. मदतीला कोणीतरी पेडल मारायला लागतं, घरच्यांना गुंतवायची हीच ती वेळ. ब्रेक झाले की लगे हात पुढचे किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) आणि बुश बघा, चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की झोल कळतो. ग्रीसचे निपल बुजलेले असतात, ते साफ करून ग्रीस गन मारा, निम्म्या गाड्यांचं स्टेअरिंग तेवढ्याने हलकं होतं.

आता इंजिन. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला थेट सेल मारायचा नाही, रिंगा चिकटलेल्या असतील तर तुटतात. चारी प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल मिक्स करून सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी टॉप गिअरला टाकून हळू पुढे-मागे ढकला, इंजिन फिरलं की निम्मी लढाई जिंकली. नाही फिरलं तर परत ऑइल सोडा, परत थांबा, जोर लावू नका. फिरल्यावर जुनं ऑइल काढून नवं २०डब्ल्यू-५० भरा, फिल्टर बदला, रेडिएटर आणि ब्लॉकमधून पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश मारा. प्लग न लावता सेलवर फिरवून ऑइल प्रेशर येतंय का बघा, मग कंप्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडरचा आकडा जवळपास सारखा आहे का ते बघायचं. एकच कमी आला तर व्हॉल्व किंवा हेड पॅकिंग, चारही कमी आले तर बोअर, म्हणजे सिलिंडर झिजलेत.

स्पार्कसाठी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे बारीक तुकडे) काढून बारीक पॉलिश पेपरने घासा किंवा सरळ नवे टाका, गॅप साधारण ०.४ मिलिमीटर, कंडेन्सर नवा, कॅप आणि रोटर फडक्याने पुसून तडा आहे का बघा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२, वायर काढताना नंबर टाकले नसतील तर आता उपयोगी पडेल. पेट्रोल जुन्या टाकीतून आणू नका, त्यात गंज आणि चिकट राळ असते, बाटलीतून वेगळी नळी देऊन चालू करा. टाकी नंतर उतरवून आत मूठभर नट आणि व्हिनेगर घालून खळखळवून धुवा, नीट सुकवा, मग बसवा. आणि आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरतं, त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे होज इथेनॉल चालणारे टाका, पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरची किट पण बदला. हा खर्च किरकोळ आहे, पण गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर गाडीच जळते. हेड उतरवायची वेळ आलीच तर एक्झॉस्टच्या व्हॉल्वला हार्ड सीट (व्हॉल्व टेकतो ती कडक धातूची रिंग) बसवून घ्या, ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली आहेत आणि सीटची झीज रोखणारं ते शिसं आपल्याकडे २००० मध्येच बंद झालं.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना पार्ट सोबत न्यायचा, नुसतं नाव सांगून दुकानदार जे देतो ते नेहमी बसतंच असं नाही. जे कुठेच मिळत नाही ते बनवून घ्यायचं असेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर, नमुना दिला की बुश, पिन, शाफ्ट असलं काहीही लेथवर उतरवून देतात. जुना ओरिजिनल पार्ट झिजलेला असला तरी फेकू नका, कधीकधी नव्या लोकल पार्टपेक्षा तोच दुरुस्त करून बरा पडतो.

वायरिंगबद्दल एवढंच, की जुनी वायर वाकवल्यावर वरचं प्लास्टिक तुकडे होऊन पडत असेल तर जोडाजोड करू नका, पूर्ण नवं हार्नेस बांधा. बॅटरीला कट-ऑफ स्विच, हेडलाइटला रिले, आणि फ्यूज बॉक्स एक चांगला. डायनॅमोवाली गाडी असेल तर अल्टरनेटर लावा, रात्री हेडलाइट लावून सिग्नलला उभं राहिल्यावर फरक कळतो.

हे झालं रिस्टोरेशन, आता मॉडिफिकेशन. माझं स्पष्ट मत, जे परत काढता येतं तेच करा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा, सीट बेल्ट, रेडियल टायर, सीटचं नवं कापड, चांगला आवाज देणारी पण डॅशबोर्ड न कापता लपवलेली म्युझिक सिस्टिम, हे सगळं चालतं आणि गाडी रोज वापरायला सुखाची होते. डॅशबोर्ड कापून टचस्क्रीन बसवणं, छत कापणं, चाकाच्या कमानी कापून रुंद टायर घालणं हे बघवत नाही, आणि सोसायटीत टाळ्या मिळाल्या तरी विकताना गिऱ्हाईक मिळत नाही. कायद्याचं पण आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. इंजिन बदलायचं, गॅस किट लावायचं तर आधी आरटीओची परवानगी, रंग बदलला तर आरसीवर नोंद. मारुतीचं इंजिन टाकून देतो, कोणाला कळत नाही असं म्हणणारे गॅरेजवाले भेटतात, पण पासिंगला नंबर तपासताना समोर तुम्हीच उभे असता.

पासिंगचं सांगायचं तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, सोबत पर्यावरण कर, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी २०२५ मध्ये वाढलीये, तेव्हा बजेटमध्ये धरा. गाडी पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षांची झाली असेल तर २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, दहा वर्षांसाठी, पण गाडी मूळ स्वरूपात पाहिजे आणि मग ती रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढंच. रोज चालवायची असेल तर त्या भानगडीत पडू नका, साधं रिन्यूअल करा.

आता रंग. दिवाळी ते होळीच्या मधला कोरडा काळ पकडा. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने डुको (जुन्या पद्धतीचा लॅकर रंग) पांढरट पडतो आणि प्रायमरखाली ओल अडकली तर सहा महिन्यांत फोड येतात. पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, लांबी अगदी पातळ, दोन-तीन मिलिमीटरच्या वर लागत असेल तर डेंटरने पत्रा परत ठोकला पाहिजे. पीयू (पॉलियुरेथेन) पेंट चकाकतो आणि टिकतो, पण त्याचं हार्डनर फुफ्फुसाला वाईट, घराच्या पार्किंगमध्ये रुमाल बांधून मारायचं काम नाही ते, बूथवाल्याकडेच द्या. रंग शक्यतो त्या काळातलाच एखादा निवडा. मेव्हण्याचं क्रीम काही वाईट नाही.

व्हॅनची हौस असेल तर मॅटाडोरपेक्षा मारुती व्हॅन घ्या, १९८४ पासूनची, जिला पुढे ओम्नी नाव मिळालं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, पार्ट गल्लोगल्ली. वर लिहिलेलं सगळं तिलाही लागू, फक्त गंज वेगळ्या जागी बघायचा, रबरी मॅटखालचा फ्लोअर, सरकत्या दाराची खालची पट्टी आणि मागच्या चाकांच्या कमानी. कॅम्पर करायची असेल तर सीट काढून पक्कं फर्निचर ठोकण्यापेक्षा सुटे प्लायचे खोके करा जे उचलून बाहेर ठेवता येतात, आणि पुढच्या सीटखाली उष्णता अडवणारी शीट घाला, मे महिन्यात घाट चढताना बूड भाजतं.

गाडी तयार झाली की पहिले पाचशे किलोमीटर गावातच फिरवा. पहिल्या शंभरानंतर थंड इंजिनावर हेडचे बोल्ट आणि टॅपेट (व्हॉल्वची फट) परत तपासा, चाकांचे नट आवळा, ब्रेक ऑइलची लेव्हल बघा, आणि इंजिन ऑइल पाचशेलाच बदला कारण आतला सगळा जुना मळ त्यात आलेला असतो. डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा जोड, एक रेडिएटर होज, दोन क्लॅम्प आणि पाच लिटर पाणी ठेवा. घाटात तापली तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, बॉनेट उघडून अर्धा तास चहा घ्या, मग झाकणावर जाड फडकं टाकून हळूहळू फिरवा.